पदरातली फट

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

साडीच्या दुकानातून पुन्हा मेसेज. तिच्याच मोबाईलवर. "प्रिय भागीरथाजी, आपल्या तक्रारीवर काम सुरू आहे." तिला जाऊन तेवीस दिवस झाले.

मोबाईल मी चार्ज करून ठेवतो. अश्लेषा म्हणते, बंद करा बाबा आईचा फोन. पण बंद केला तर तक्रारही बंद पडेल.

तारखा विसरायला लागलो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी

सगळं एकदा नीट लिहितो.

मागच्या ऑक्टोबरात रिटायर झालो तेव्हा तिला पैठणी घेतली. सीताबर्डीच्या मोठ्या दुकानातून. हिरवी, पदरावर मोर. बासष्ट हजार. तेहतीस वर्षांत तिने स्वतःहून एवढंच मागितलं होतं. फॉल-पिकोसाठी गल्लीतल्या कौशल्याकडे दिली. फट पहिल्यांदा कौशल्यानेच पाहिली – पदराच्या मधोमध, मोराच्या मानेला लागून, बोटभर. सुई लावायच्या आधी ती साडी घेऊन घरी आली आणि भागीरथाला दाखवली.

दुकानात मालकाचा मुलगा आर्यन बसतो. पहिल्या खेपेला म्हणाला, "काकू, हातमाग आहे. थोडंबहुत इकडेतिकडे राहतेच. हेच तर असली मालाचं प्रूफ आहे." दुसऱ्या खेपेला म्हणाला, तुमच्या टेलरबाईने फाडली. भागीरथा तिथेच उभी राहून म्हणाली, "फॉल खाली काठाले लागते. पदराच्या मधात सुई कायले जाईल?" तरी त्याने बर्डीवर सगळीकडे तेच सांगितलं – कौशल्याने फाडली. कौशल्याला तीन दुकानांचं फॉल-पिकोचं काम यायचं. महिनाभरात तिन्ही बंद.

तेव्हापासून भागीरथाचं एकच – साडी विणतानाच चुकली होती हे दुकानाने लिहून द्यावं. पैसे ठेवून घेतले तरी चालेल.

आणि मी तिला काय म्हणत होतो? जाऊ दे. ती पदर खिडकीत धरून बोलवायची, पाहा तरी. मी म्हणायचो, मले तं काही दिसत नाही. खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही कधी.

१५ फेब्रुवारी

आर्यनला फोन केला. म्हणाला, "काका, साडी घेऊन या, पप्पांना दाखवतो. फायनल करून टाकू."

साडी नाही. साडी तिच्या अंगावर गेली.

त्या सकाळी इंदुताईने – माझी मोठी बहीण, खाप्याला असते – विचारलं होतं, कोरी साडी कोणती? सवाष्ण गेली की कोरी हिरवी नेसवतात. मी कपाटाकडे बोट दाखवलं. वरच्या खणातला डबा. ती पैठणी नेसव म्हणालो. तक्रार, दुकान, काही डोक्यात नव्हतं. नंतर फुलांखालून हिरवा काठ दिसत होता, एवढंच आठवतं.

आर्यनला म्हणालो, साडी गावाला आहे. खोटं!

१६ फेब्रुवारी

काही नाही. दिवसभर पडून.

२२ फेब्रुवारी

दुकानात गेलो. खरं ते सांगितलं. आर्यनने गादीवरून उठून स्वतः पाणी आणलं. मुलगा वाईट नाही. मग म्हणाला, "पण काका, आता प्रूफ काय राहिलं?" तिच्या मोबाईलमधले फोटो दाखवले. त्याने मोठे करून पाहिले. "यात तर सावलीपण वाटू शकते." समोर एक कुटुंब लग्नाच्या साड्या पाहत होतं. त्यांच्यातल्या एका बाईने माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी जवळ ओढली. मी उठलो.

३ मार्च

कौशल्या भाजीच्या गाडीवर भेटली. "भाऊजी, दुकानातून काही समजलं का?" अजून नाही म्हणालो. साडी कुठे गेली ते तिला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. ती म्हणाली, "वहिनी असत्या तं त्या पोराले गादीवर बसू देल्लं नसतं." हसली. मग मेथी निवडता निवडता – "बुटीबोरीले एका कंपनीत बाया घेऊन राहिले म्हणते. पाहतो आता. मशीन तशीबी झाकूनच आहे."

वीस वर्षं भागीरथाचे ब्लाऊज तिने शिवले.

१० मार्च

आनंदराव आले होते. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर होते, ग्राहक आयोगाच्या भानगडी त्यांना कळतात. सगळे कागद पाहिले. म्हणाले, "जितेंद्र, केस चांगली होती गा. पण माल कुठं आहे? आयोगापुढं काय ठेवशील – राख?"

बोलून गेले आणि स्वतःच गोरेमोरे झाले. चहा अर्धा टाकून गेले.

१४ मार्च

धूळवड. दार उघडलं नाही.

२१ मार्च

आर्यनचा फोन. त्याच्या वडिलांनी ठरवलं आहे – माणुसकी म्हणून अर्धे पैसे परत. एका कागदावर सही करायची. "मग काका, तुम्हालेबी टेन्शन नाही, आम्हालेबी नाही."

अश्लेषाला विचारलं. तिला मिहानच्या ऑफिसातून घरी यायला आठ वाजतात, तरी रोज माझ्यासाठी डबा घेऊन येते. थकली आहे पोरगी. म्हणाली, "बाबा, आई परत येणार आहे का त्यानं? संपवा आता."

२४ मार्च, सोमवार

सही केली.

कागदात लिहिलं होतं – विक्रीच्या वेळी साडीत दोष नव्हता. नुकसान नंतर, ग्राहकाने बाहेर फॉल-पिको करून घेताना झाले. ग्राहकाच्या वतीने पती हे मान्य करत आहेत. मी दोनदा वाचलं. आर्यनला म्हणालो, हे फॉल-पिकोचं काढता येईल का? "काका, वकिलानं बनवलेला फॉरमॅट आहे. त्याच्यात मी काय करू?"

पंखा फिरत होता. कागद उडू नये म्हणून त्याने कोपऱ्यावर मोजपट्टी ठेवली. मी सही केली. उठताना त्याने माझ्या पाया पडल्यासारखं केलं.

कौशल्याच्या घरावरून येणं टाळलं. मागच्या बाजूने फिरून आलो.

२५ मार्च

पैसे खात्यात आले. तिच्या मोबाईलवर मेसेज – "आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे."

३० मार्च

पाडवा. यंदा गुढी नाही.

६ एप्रिल, रविवार

इंदुताई सकाळच्या एसटीने आली. न कळवता. काल फोनवर अश्लेषाने तिला सांगितलं होतं – बाबांनी साडीचे अर्धे पैसे घेतले, साडी तर आईसोबत गेली म्हणून.

पाणीही प्यायली नाही. पिशवीतून जुनं धोतर काढलं, त्यात गुंडाळलेली पैठणी माझ्यासमोर ठेवली.

"रागावशील तं रागाव. मी नाही नेसवली तिले हे. डबा उघडला, पदर झटकला, तं बोट आरपार गेलं माहं. फाटकं नेसवून सवाष्ण कशी धाडू गा? कोपऱ्यावरचं दुकान उघडवलं आन् हिरवी कोरी आणली. सहाशेची."

मी विचारलं, तेव्हाच काहून नाही सांगितलं?

"तू कोणाचं ऐकून राहिला होता तेव्हा? तू म्हटलं हेच नेसव, मी हो म्हटलं. मंग घरी नेऊन पेटीत ठेवली. वर्षश्राद्ध झालं का अश्लेषाले देईन म्हटलं. मले काय माहीत तुमचं दुकानाशी भांडण चालू आहे?"

खिडकीत नेऊन पाहिलं. पहिल्यांदाच. फट आहे. खुर्चीवरूनही दिसली असती.

७ एप्रिल

साडी घेऊन आधी कौशल्याकडे गेलो. तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं, पदर पसरला, चष्मा लावला. "पाहा भाऊजी. धागा तुटला नाही कुठंच. इथवर आला आन् वळून माघारी गेला. सुईनं फाटलं असतं तं तुटला असता ना? विणणाऱ्यानं दोन रंगाचे धागे एकमेकांत अडकवलेच नाही." तिने पदराची घडी घातली. "चला, आत्ताच जाऊ. त्याच्या गादीवर पसरवतो हे."

तिने चपला ओढल्या. मी सहीचं सांगितलं. कागदात काय होतं, तेही.

एक पाय चपलेत, तशीच थांबली.

"वाचून केली?"

हो म्हणालो.