गट नंबर १४७ ची पावडर

३ मार्च
नळ नवव्या दिवशी आला. चाळीस मिनिटं. तीन ड्रम भरले, चौथा अर्धा. कंबर गेली. दत्ता उठून एक बादली उचलेल तर शपथ! भाऊ म्हणून जन्माला आलाय, पोलीस भरतीची तयारी चाललीय साहेबांची. सकाळी मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यानं पळायचं आणि दहाला येऊन आडवं व्हायचं.

आज काळा डबा आणला. दोन किलो, वर सिंहाचं तोंड. जिममधल्या कुणाकडून. "ताई, प्रोटीन हाय, अंगाला लागतं." म्हणलं, भाकरी काय पाठीला लागते का? तर म्हणे, तू मेडिकलात कामाला, मागचं वाचून सांग की. शहागंजच्या दुकानात दिवसभर लेबलंच वाचते, घरी पण तेच. मागं मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. ठेवून दिला.

५ मार्च
बाप आमचा मेंढका, आबांना अक्षर येत नाही. आकडे येतात. सातबारा, बसचे नंबर, मेंढरांच्या बाजारातले भाव, तेवढ्यावर आयुष्य काढलं. आज डब्यावरून बोट फिरवत बसले होते, एका जागी थांबले.

"मंगे, हे एकशे सत्तेचाळीस हाय न्हवं?"

वाचलं. उत्पादक व पॅकर, गट नं. १४७, मौजे बोरमाळ.

आमचा गट. मागच्या मोठ्या दुष्काळात मेंढरं विकली, त्याच वर्षी तो प्लॉटिंगवाल्यांना दिला आणि शहरात आलो. त्यानंतर आबांनी बोरमाळचं नाव तोंडात घेतलं नव्हतं. आणि मी बया, मोठ्यानं वाचून दाखवलं, गावाच्या नावासकट.

आबांनी डबा मांडीवर घेतला. मग म्हणाले, "आपल्या मातीतलं हाय. खोटं कसं आसंल?"

दत्तापण मान हलवतोय. खरं तर मलाही बरं वाटलं होतं.

१४ मार्च
द.चं पोट बिघडलं, त्यानं पावडर सोडली. डबा मात्र खाली खाली चाललाय. कोण खातंय? विचारायची गरज नव्हती. आबांच्या मिशीला पांढरं लागलेलं.

लई भांडले. मागच्या वर्षी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, मूत्रपिंड कमजोर आहे, डाळसुद्धा जपून, पाणी वेळेवर. आबा ऐकून घेतात आणि हसतात. "बघ की माझ्याकडं."

बघितलं. तेच भ्या वाटायला लावणारं आहे. पाठ ताठ झालीय. काठी कोपऱ्यात पडून आहे. गच्चीचा जिना न थांबता चढतात. सकाळी जिभेनं आवाज काढतात, टाळूला लावून, मेंढरं हाकायचा. सहा वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. गल्लीत एकदम सगळं शांत होतं तेव्हा.

१६ मार्च
लेबलाचा फोटो दुकानात नसीमआपांना दाखवला. फार्मसीचं लायसन त्यांचं, वीस वर्षं काउंटरला. चष्मा कपाळावर, फोन नाकाला.

"अगे मंगल, पुढचं मोठं अक्षर नक्को पढूस. मागं पढ. पहले जो लिखा, वोच सबसे ज्यादा."

पहिलं लिहिलंय माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे स्टार्चपासूनची भुकटी. साखर घातली नाही असं पुढं छापायचं आणि अंगात जाऊन साखरच व्हायची. मग दुधाची पावडर. व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतलं खरं प्रोटीन, ज्याच्यासाठी हे सगळं, तिसऱ्या नंबरला. मग ग्लायसिन आणि टॉरिन, सुटी अमिनो आम्लं. ते कशाला? आपा म्हणाल्या, तपासणीत नायट्रोजन मोजतात, त्यावरून प्रोटीन धरतात. ग्लायसिन स्वस्त. टाकलं की आकडा फुगतो. आणि 'पंचवीस ग्रॅम' एका चमच्यात नाही, दोन चमच्यांत. वर बारीक लिहिलंय. आबा चार घेतात.

शेवटी 'विशेष मिश्रण'. त्यात काय, किती, काहीच नाही.

"इसमें क्या है आपा?"
"जो लिखनेकी हिम्मत नै हुई, वो."

हसल्या. मला हसू आलं नाही. म्हातारा माणूस दहा दिवसांत ताठ उभा राहतो तो ग्लायसिननं नाही, एवढं मलाही कळतं.

१९ मार्च
आबा अंघोळीला गेले तेव्हा डब्यावरचं किमतीचं स्टिकर वाफेवर धरून सोडवलं. खाली इशारा. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी घेऊ नये. मुद्दाम झाकलेला.

पत्त्याची ओळपण वेगळ्या पट्टीवर आहे. ती सोडवली. खाली दुसरा पत्ता असेल वाटलं होतं. काहीच नाही. कोरा काळा डबा.

आबांना वाचून दाखवला इशारा. "ते शहरातल्या लोकायसाठी आसंल," म्हणाले. डबा उशाशी घेऊन झोपतात आता. ओढून घ्यायला गेले तर हात धरला माझा. मनगट अजून दुखतंय. या माणसानं आयुष्यात मला कधी बोट लावलं नव्हतं.

२३ मार्च
नवीनच. दाराबाहेर पाण्याचं घमेलं भरून ठेवतात पहाटे, आणि शेजारी बसतात. स्वतः थेंब घेत नाहीत.

मला कळायला वेळ लागला नाही. वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, हाच नेम होता. मेंढरं प्यायल्याशिवाय मेंढक्यानं पाणी प्यायचं नाही. मी लहान असताना उन्हात रडले तरी आईनं तांब्या दिला नव्हता, आधी कळप.

"आबा, मेंढरं कुठं हायती आता?"
"येतील. तहानली की येतात."

आज आबा दुपारी एकला पाणी प्यायले. तेपण दत्तानं घमेलं लाथाडलं म्हणून. एक घमेलं पाणी रस्त्यात! आठ दिवसांचं पाणी पुरवून पुरवून वापरायचं आणि हे. दत्ताला शिव्या घातल्या, मग रडले. आबा ओल्या मातीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "पिली." मग तांब्या तोंडाला लावला.

२ एप्रिल
पायावर सूज. रिपोर्ट काढला. क्रिएटिनिन, मूत्रपिंड बिघडलं की चढणारं, १.८ होतं, ३.१ आलं. डॉक्टर माझ्यावरच खवळले. मेडिकलात काम करता ना बाई तुम्ही? पावडर आजपासून बंद. पाणी थोडं थोडं, सकाळपासून, ठरवून दिलेलं, चुकवायचं नाही. चुकलं तर डायलिसिसच्या मशिनीवर जायची वेळ येईल.

घरी येताना रिक्षात आबा बाहेर बघत होते. नवे फ्लॅट, नवे फ्लॅट, टँकर. मी म्हणलं, मला तुम्ही हवेत हो. तर म्हणाले, "मी कुठं चाललोय?"

मी वाचून दाखवलं नसतं तर. रोज तेच डोक्यात. वाचता येतं म्हणून वाचलं. दुसरं काय.

७ एप्रिल
ठरवलं, दाखवूनच द्यायचं. रिक्षा केली, आबांना घेऊन बोरमाळ.

ओळखू येत नाही. मोठा रस्ता, कमान, कमानीवर मोर. आत नुसती सपाट जमीन आणि प्लॉटचे पांढरे दगड. एक झाड ठेवलं नाही मेल्यांनी. वॉचमनला विचारलं, इथं पावडरची फॅक्टरी आहे का? "फॅक्टरी? ताई, हितं अजून लाईट बी नाय आली." सहा वर्षं तो तिथंच आहे. कधी शेडसुद्धा उभं राहिलं नाही.

आबांना म्हणलं, बघा. काय आहे इथं? कुणीतरी कागदावरून नंबर उचलला आणि छापला. आपलं नाही ते.

आबांनी चपला काढल्या. दगडांमधून चालत मधोमध गेले, उभे राहिले. मी मागं. आणि तिथं वास आला. डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तोच, व्हॅनिलाचा, गोड, घशात बसणारा. वारा नव्हता. सगळीकडं माती आणि ऊन. रिक्षावाल्याला विचारलं, काही वास येतोय का? "धुरळ्याचा येतोय."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. खोटं बोलले. म्हणलं, मला काही वास येत नाही.

८ एप्रिल
आबांनी डबा स्वतःहून दिला. "ने. ते आपल्यासाठी नव्हतंच." कुणासाठी होतं, विचारलं नाही. घंटागाडीत टाकला, गाडी वळेपर्यंत उभी राहिले.

वाटलं सुटलो.

९ एप्रिल
घमेलं. नेम गेला नाही. उलट घट्ट झाला. सकाळी सातला घमेल्याशेजारी बसलेले, अकरापर्यंत घशात थेंब नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी तांब्यात तसंच. मी पाया पडले. "जनावर तहानलेलं ठेवून मी पिऊ व्हय?" ओठ फुटलेत उन्हानं.

१० एप्रिल
उपाय सापडला. आबा घमेलं भरून परत आडवे होतात थोडा वेळ, साडेपाच ते सहा. तेवढ्यात मी हळूच बाहेर जाऊन घमेलं परत ड्रममध्ये ओतते. काठ हातानं ओला करून ठेवते.

आबा आले, बघितलं, चेहरा उजळला. बसून घटाघट तांब्याभर प्यायले.

फसवतेय मी त्यांना. फसवू दे. जगू दे.

१७ एप्रिल
रोज चाललंय. सूज उतरतेय. द.ला सांगितलं, तो हसला नाही, उलट म्हणाला, ताई मी उठत जाऊ का? नको म्हणलं. हे माझं आहे. भरती पुढच्या महिन्यात, तू पळ.

गंमत म्हणजे घमेलं ओतताना मलाच पहाटे आवाज काढावासा वाटतो. जीभ टाळूला लागते. काढत नाही.

२१ एप्रिल
झोप लागली. अलार्म कसा बंद केला देव जाणे. सव्वासात! धावत बाहेर आले.

आबा घमेल्याशेजारी, तांब्या रिकामा, तोंड पुसत. "दोन तांबे पिलो आज," म्हणाले.

घमेल्यात थेंब नव्हता. दत्ता ग्राउंडवर पाचपासून. समोरच्या वहिनी गावी. कुत्री म्हणावं तर आबा घमेलं काठोकाठ भरतात, कुत्रं किती पिणार? ड्रमचं झाकण काढून बघितलं, पाणी कालच्या खुणेपेक्षा घमेलंभर खाली. परत ओतलेलं नाही कुणी.

काठावरून हात फिरवला. ओला. एका बाजूनं नाही, सगळीकडून.

विचारलं, "आबा, तुम्ही ओतलं का?"
"मी कशाला ओतू? आल्ती ना."

दुकानात दिवसभर लक्ष नव्हतं. दोनदा चुकीचं औषध हातात. न.आपांनी विचारलं, तबियत? काही नाही म्हणलं.

२२ एप्रिल
रिपोर्ट आणला. २.२. डॉक्टर खूश. "बघा, पाणी दिलंत की फरक पडतो."

मी दिलं?

संध्याकाळ झालीय, आबा घमेलं घासतायत नळाखाली बसून, कोरड्या नळाखाली, राखेनं. उद्या पहाटे बाहेर जाऊन ओतायचं की अंथरुणात पडून राहायचं? नाही ओतलं आणि कुणी आलं नाही, तर आबा तहानलेले बसणार, सगळं परत चढणार. तो धोका मी घेणार नाही. एवढं कळतं मला.

पण अलार्म लावायला फोन हातात घेतलाय तो अर्धा तास झाला. यावीत असं वाटतंय. खरं सांगायचं तर लई वाटतंय.