सुरुवातीचा डेटा

३ मार्च, सकाळ
ही बहिणीकडे गेली. मोठी बॅग घेऊन. मोठी, कारण लहान बॅगेची चेन मी दुरुस्त करून आणली नाही. एवढंच कारण. चार दिवसांत येईल.
निश्चय : कॉम्प्युटरवर लावलेला गणिताचा रन संपला की स्वतः आणायला जायचं.

४ मार्च
या रनमध्ये कॉम्प्युटरवर, म्हणजे नुसत्या आकड्यांत, पदार्थ तापवतोय. इतका, की प्रोटॉनसुद्धा विरघळून आतले क्वार्क मोकळे होतात. नुसतं तापवणं जमतं. पण दाटी वाढवली की अधिक-उणे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात, हाती भोपळा. म्हणून आम्ही दाटी नसते तिथलं गणित करतो आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधतो.
हिचा फोन आला. जेवलास का, विचारलं. म्हणजे रविवारी परत. अंदाज पक्का.

८ मार्च, रविवार
आली नाही. एका बिंदूवरून रेघ ओढली. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर झापला असता. आणखी बिंदू हवेत. पण फोन मी करणार नाही. चालू सिस्टिमला हात लावायचा नसतो.

११ मार्च
मेहुणीचा फोन. म्हणाली, भाऊजी, बेल वाजली की ही आधी उठते, एकदा येऊन जा. म्हटलं, रन मध्यावर आहे. म्हणाली, तुमचा रन म्हणजे मारुतीचं शेपूट. विज्ञान कळत नाही, त्याला ती काय करणार!

१४ मार्च
डिस्क फुल्ल. घरच्या हार्ड डिस्कवरचं एक जुनं फोल्डर उडवून जागा केली. आमच्या पहिल्या भाड्याच्या खोलीतले फोटो होते. हरकत नाही. आमच्या धंद्यात नियमच आहे : प्रत्येक रनचा सुरुवातीचा डेटा फेकायचा. सिस्टिम आपली सुरुवात विसरली की मगच खरं मोजमाप. आम्ही दोघं तर कधीचे स्थिरावलोय.

१९ मार्च
रन संपला! आलेख देखणा. फक्त एरर बार, म्हणजे उत्तर किती चुकू शकतं ते दाखवणाऱ्या रेघा, जरा लांब. आणखी एक रन लावला. हा शेवटचा, मग निघालोच.

२२ मार्च, दुपार
ही आली! धावत दार उघडलं. खाली टॅक्सी उभी होती. चहा टाकतो म्हटलं, नको म्हणाली. कपडे भरले, चष्म्याचं घर घेतलं. मग म्हणाली, भांडायला आले नाही, बाकी काही नको, त्या पहिल्या खोलीतले फोटो तेवढे दे.
नियम समजावून सांगितला. शेवटपर्यंत ऐकलं तिने. माझं सगळं तीच ऐकायची.
म्हणाली, मी नव्हते रे विसरले, त्याच दिवसांवर इतकी वर्षं काढली.
किल्ली टेबलावर ठेवून गेली.

२३ मार्च
एरर बार खाली आले. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली. येताना लहान बॅगेची चेन बसवून आणली. आता छान लागते. चारपाच वेळा लावून पाहिली.
दाखवू कोणाला?