बदकाच्या पिल्लाचं तात्पर्य

दि. ४ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तू आयुष्यभर शाळेत शिकवलंस आणि तरी तुझं डोकं ठिकाणावर राहिलं, ते कसं हे एकदा कळव. माझं तर तिसरीच्या वर्गानं पार भजं केलंय.

परवा गोष्टीच्या तासाला एका बदकाच्या पिल्लाची गोष्ट वाचली. पिल्लू आईचं ऐकत नाही, तळ्यापलीकडे जातं, हरवतं. संपली गोष्ट. यातून काय शिकलो, असं मी विचारलं. आईचं ऐकावं, एवढं एक वाक्य हवं होतं गं! तर एकानं उलट मलाच विचारलं, आई शोधायला का नाही गेली? दुसरी म्हणाली, गेली असेल, पुस्तकातली जागा संपली असेल. आणि आमची गोबऱ्या गालांची गोबरी बाकाखाली शिरली. पिल्लू सापडल्याशिवाय बाहेर येणार नाही म्हणे!

गोंगाट ऐकून मोठ्या बाई आल्या. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, त्या स्वतः तात्पर्य विचारणार आहेत. मुलांना आलं नाही, तर गोष्टीचा तास बंद आणि त्याजागी त्यांचं गणित. आठवड्यातला तेवढाच तास मला आवडतो गं. काय करू?

बाबा तुझ्या गुडघ्याची चौकशी करतात. माया आहेच, ती वाढव.

तुझी,
ठमी

दि. ९ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

गुडघा जागेवर आहे, कुरकुरतो. सिनेमाहून परतताना तुझ्या काकांनी मला कधी तात्पर्य विचारलं असतं, तर मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेले नसते. पोर बाकाखाली शिरलं म्हणजे गोष्ट पोचली, बाई! तीच परत वाच आणि गप्प बस. तुला ते जड जाईल, ठाऊक आहे.

मोठ्या बाईंवर मात्र माझ्याकडे औषध नाही. असल्या कितीजणींशी भांडले, जिंकले एकदाही नाही.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
आत्या

दि. २४ ऑगस्ट

ती. आत्यास सा. न. वि. वि.

परत वाचली आणि ओठ घट्ट मिटून बसले. वर्गात नुसतं रणकंदन. कोल्ह्यानं खाल्लं म्हणणारे एकीकडे, झोपलंय म्हणणारे दुसरीकडे. तेवढ्यात पुन्हा बाकाखाली शिरलेली गोबरी आपणहून बाहेर आली आणि म्हणाली, पिल्लाला घर दिसतंय, पण आई रागावेल म्हणून ते येत नाहीये. सगळ्यांना ते पटलं. मलासुद्धा.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी तात्पर्य विचारलं. पोरं एका सुरात म्हणाली, आईनं रागवणार नाही असं ओरडून सांगावं. उत्तर चूक ठरलं, तास गेला. शिक्षकांच्या खोलीत जाऊन मी मुसमुसून रडले.

पण आत्या, काल काय झालं ऐक. मोठ्या बाईंनी फळ्यावर गणित घातलं: झाडावर दहा पक्षी होते, तीन उडाले, किती उरले? पोरं पेन्सिली खाली ठेवून विचारायला लागली, का उडाले? भांडण झालं का? राहिलेल्यांना वाईट वाटलं का? अख्खा तास गेला, वजाबाकी झालीच नाही. घंटा होताच बाई लालबुंद होऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, तुमचा तास तुम्हीच घ्या, माझं डोकं फिरलंय.

मी आनंदानं उड्या मारत वर्गात गेले, बदकाचं पुस्तक उघडलं. तर ऐकतील तर शप्पथ! आधी त्या तीन पक्ष्यांचं सांगा म्हणतात.

आता तूच सांग, कुठे गेले असतील गं ते? सोमवारच्या आत कळव.

तुझी, मेटाकुटीला आलेली,
ठमी