जुनी व्हर्जन्स कुणी काढली

प्रिय ताई,

ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं हे पाकीट बघून तू लगेच घरी फोन लावशील, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे ठीक आहेत. मम्मीची शुगर ठीक, पप्पा ठीक, मी चक्क सगळ्या विषयांत पास. घरच्या पत्त्यावर मुद्दामच नाही पाठवलं. फोन केला की तू स्पीकरवर टाकतेस आणि मागून आशिष दाजी "काय मेव्हणे, काय म्हणतंय सोलापूर" करून सुरू होतात. मेसेज करावा तर तुझं व्हॉट्सॲप त्यांच्याच लॅपटॉपवर उघडं असतं. म्हणजे लग्न झाल्यापासून तुझ्या एकटीशी बोलायचं असेल तर मला पोस्टात जाऊन उभं राहावं लागतं. दहावीच्या पेपरनंतर एवढं मराठी मी पहिल्यांदा लिहितोय, सो हसायचं नाही.

विषय कॉम्प्युटरचा आहे. दिवाळसणाला दाजींनी आणला तो. जगात सगळीकडे दिवाळसणाला सासरा जावयाला अंगठी देतो, आमच्याकडे जावईच टॉवर आणि मॉनिटर घेऊन डिक्कीतून उतरला. मम्मीने त्याला हळदकुंकू लावलं, म्हणजे कॉम्प्युटरला. दाजींना वेगळं ओवाळलं. तेव्हापासून घरात कोणीही आलं, अगदी गॅसवाला जरी आला, तरी पप्पा त्याला आतल्या खोलीत नेऊन दाखवतात, आमच्या जावयांनी दिला म्हणून. मी बाजूला उभा असतो. मशीन भारी आहे, मी नाही म्हणत नाही. पण ताई, तो प्रोसेसर मी निवडलेला होता. ती रॅम मी निवडलेली होती. वर्षभर व्हिडिओ बघून बघून मी ठरवलं होतं आणि फक्त तुला सांगितलं होतं. पप्पांना सांगितलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. दाजींना ते बघू म्हणाले नाहीत. तू माझं बघून त्यांना सांगितलंस ते चांगल्या मनानेच, मला माहिती आहे. तरी लई लागलं.

मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे, बाहेरून त्यांचा, आतून तरी आपला. इन्स्टॉल काय काय करायचं ते मीच बघणार. आणि मला तुझी ती सुट्टी आठवली, मी आठवीत होतो आणि तू इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला. मम्मीचं चादरीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरवर काही केल्या उघडत नव्हतं, ज्याने बनवलं तो माणूस दुकान बंद करून कुठे गेला कोणाला माहीत नव्हतं, आणि मम्मी सारखी तुझ्याकडे बघत होती. तू मला शेजारच्या स्टुलावर बसवून समजावलं होतंस. प्रोग्रॅम एकटा उभा राहत नाही, त्याच्या पायाखाली रनटाइम नावाचं काहीतरी लागतं, आणि ज्या वर्षीच्या रनटाइमवर तो बनला तेच वर्ष तो मागत बसतो. मी म्हटलं, सगळ्यात नवीन टाकू ना मग, झालं. तू पट्टीने माझ्या डोक्यात टपली मारलीस आणि म्हणालीस, "प्रोग्रॅम काय मागतो ते बघायचं, आपल्याला काय आवडतं ते नाही." मला अर्धं कळलं, मम्मीला पूर्ण कळलं. ती म्हणाली, मग बरोबर आहे की, कारखान्यात नवीन माग आला म्हणून जुन्या मागाचं डिझाइन त्याच्यावर चढत नाही, जुना माग ठेवावाच लागतो. मग आपण दोघांनी शोधत बसून ठरवलं, याला २००८ आणि २०१० लागतं.

तर मी तसंच केलं. मम्मीच्या सॉफ्टवेअरसाठी २००८ चं रनटाइम टाकलं, २०१० चं टाकलं. माझ्या एका गेमसाठी २०१३ चं. २०१५ पासून पुढची सगळी एकाच पॅकेजमध्ये येतात, ते एक. डॉटनेट म्हणून अजून एक रनटाइम, त्याचं जुनं साडेतीन विंडोजच्या आतच लपलेलं असतं, ते चालू केलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला एक पायथन आणि माझ्या प्रोजेक्टला दुसरं, दोन्ही शेजारी शेजारी, भांडण नाही. एक घोळ केला. मशीन चौसष्ट बिटचं म्हणून सगळी चौसष्टवाली टाकली आणि मम्मीचं सॉफ्टवेअर ढिम्म हलेना. मग डोक्यात आलं, अरे, ते जुनं आहे, बत्तीसचं आहे, त्याला बत्तीसवालीच लागणार. ती पण टाकली. डबल क्लिक केलं आणि उघडलं ना ताई, मोराची बॉर्डर स्क्रीनभर. मी मम्मीकडे बघितलं. मम्मी म्हणाली, आशिषरावांचं मशीन पळतंय हां.

आता पुढचं नीट वाच. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी होटगी रोडला मॅच खेळून घरी आलो, तर पप्पा शर्ट-पँट घालून आणि मम्मी चांगली साडी नेसून, पदर सावरून, कॉम्प्युटरसमोर खुर्च्या मांडून बसलेले. फोटो काढायला बसतात तसे. स्क्रीनवर बाण आपोआप फिरत होता. मला न विचारता पप्पांनी दाजींना फोन केला होता, चालू व्हायला जरा वेळ घेतंय, बघता का म्हणून, आणि दाजी पुण्याहून रिमोटवर आत आले होते. कॉम्प्युटरला कॅमेरा नाहीये, हे मी मम्मीला सांगितलं. ती म्हणाली, असू दे, जावई आलेत. फोन स्पीकरवर टेबलावर, दाजी पप्पांशी सिद्धेश्वराच्या जत्रेवर, गड्ड्याच्या गर्दीवर बोलत होते, मम्मी मध्येच विचारत होती चहा झाला का तुमचा. मला खुर्ची नव्हती. मी दाराला टेकून उभा.

थोड्या वेळाने बाणाने प्रोग्रॅमची लिस्ट उघडली. तुला माहिती आहे ती कशी दिसते, एकच नाव खाली खाली सहा-सात वेळा, फक्त वर्ष वेगळं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं कुणीतरी तेच ते चुकून परत परत टाकलंय. आणि अनइन्स्टॉल सुरू झालं. २००८ गेलं. २०१० गेलं. बत्तीसवाली तर सगळीच गेली. मी म्हटलं, पप्पा, ती डुप्लिकेट नाहीत. पप्पांनी मागे न बघता माझा हात दाबला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "सुम्निरु." दाजींना कन्नड येत नाही म्हणून गप्प बस हे कन्नडमध्ये. नंतर स्वयंपाकघरात नेऊन मला सांगितलं की ते पुण्यात आयटीत आहेत, तू अजून डिप्लोमाला आहेस, आणि जावयाला मध्येच टोकतात का. शेवटी फक्त नवीन उरलं. लिस्ट एकदम स्वच्छ. पप्पा म्हणाले, वा.

सोमवारी मम्मीचं सॉफ्टवेअर उघडलं नाही. नुसती एररची खिडकी. महेश्वर अण्णांच्या कारखान्याला लग्नाच्या चादरीचं डिझाइन त्याच आठवड्यात द्यायचं होतं, ते पाठवलं की माग लागणार, कामगार थांबलेले. मला वाटलं आता तरी हे लोक दाजींना सांगतील. तर मम्मी म्हणाली, त्यांना कळवायचं नाही, त्यांना वाईट वाटेल. पप्पा म्हणाले, चेतनाला पण नाही, ती त्यांना सांगेल. आणि मम्मीने कपाटातून ग्राफपेपर काढला, पेन्सिलला टोक केलं आणि एक एक चौकोन भरायला बसली. तिच्या मानेचं तुला माहितीच आहे. एवढा मोठा कॉम्प्युटर समोर, त्याच्यावर क्रोशाचं कव्हर, आणि ती खाली सतरंजीवर मान घालून मोराचे पाय काढतीये. जावयाचा मान राहावा म्हणून तिची मान गेली असती.

खरं सांगू का, आधी मला आतून बरं वाटलं. म्हटलं, बघा आता. पण मम्मी उठताना भिंतीला धरून उठली तेव्हा ते बरं वाटणं संपलं. मी कव्हर काढलं आणि सगळी वर्षं परत आत टाकली. संध्याकाळच्या चहाआधी मोर स्क्रीनवर होता. अण्णांना वेळेत फाइल गेली, ते पप्पांना म्हणाले की जावयाच्या कॉम्प्युटरवर कामं फटाफट होतायत. पप्पा हसले. मी पण हसलो, काय करणार.

मग बुधवारी दाजींचा फोन आला, मला. स्पीकरवर नाही, मागे गाड्यांचे आवाज, म्हणजे पार्किंगमध्ये उभे होते. म्हणाले, मम्मी फोनवर डिझाइनबद्दल काहीच बोलल्या नाहीत, तेव्हाच मला शंका आली, रविवारी माझ्याकडून काही उडालं का? मी म्हटलं हो, पण परत टाकलं. त्यांनी चक्क सॉरी म्हटलं. मला विचारलं कुठलं वर्ष कशाला लागतं, आणि मी सांगितलं ते ऐकून घेतलं, मध्ये एकदा पण शहाणपणा केला नाही. ताई, हा माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. शेवटी म्हणाले, "सिद्धाराम, एक कर. चेतनाला यातलं काही सांगू नकोस. तिला उगीच लागेल."

फोन ठेवला आणि मी गच्चीवर जाऊन विचार करत बसलो. चूक त्यांची, तर लागेल तुला का? आणि मग मला तो बाण आठवला. आधी तो सरळ सरळ जात होता, कुठे थांबत नव्हता. मध्ये एकदा थांबला, बराच वेळ. मग डेस्कटॉपवर आला, राइट क्लिक, रिफ्रेश. परत रिफ्रेश. परत रिफ्रेश. काहीही करायच्या आधी तीनदा रिफ्रेश करणारी बाई मी जगात एकच बघितली आहे. लिस्ट त्याच्यानंतर उघडली. गड्ड्याच्या गप्पा दाजी मारत होते, पण माउस तुझ्या हातात होता. २००८ तू काढलंस ताई. २०१० तू काढलंस. आपण दोघांनी शोधून शोधून ठरवलेलं, तूच.

मी रागावलोय म्हणून हे लिहीत नाहीये. तुझं हल्ली सगळं काम ब्राउझरमध्ये असतं, विसरली असशील. किंवा माझा पसारा आवरून दाखवायचा असेल त्यांना. ते जाऊ दे. माझा प्रॉब्लेम दुसराच आहे. पप्पांच्या स्कूटीचा आरसा तू फोडलास तेव्हा मी फोडला म्हणून मी सांगितलं. मम्मीचा मिक्सर तू जाळलास, नाव माझं. तू कॉलेज बुडवून मैत्रिणींबरोबर तुळजापूरला गेलीस, तेव्हा घरच्यांसाठी पोट माझं दुखत होतं आणि तू मला डॉक्टरकडे नेत होतीस. तुझं अंगावर घ्यायचं काम या घरात माझं होतं, आणि दाजींनी ते घेतलं. वर तुला कळू पण दिलं नाही. मी प्रत्येक वेळी तुझ्याकडून पाणीपुरी उकळायचो, त्यांनी काहीच मागितलं नाही. कॉम्प्युटर आणला ते मी सहन केलं, हे मला सहन होत नाहीये. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. मी गप्प बसलो असतो तर आम्ही दोघं मिळून तुला सांभाळतोय असं झालं असतं, आणि मला ते त्यांच्याबरोबर वाटून घ्यायचं नाहीये. म्हणून सांगतोय. आता घरी जा आणि त्यांना थँक्यू म्हण. ते विचारतील कसं कळलं, तर सांग सिद्धूने सांगितलं. तेवढं तरी माझ्या नावावर असू दे.

अजून तरी तुझाच,
सिद्धू