कडेची पट्टी एक बोट की चार, याबद्दल राजसची पक्की इच्छा

मी, राजस नरेंद्र देवस्थळी, वय एकवीस, राहणार इंदिरा नगर, लखनऊ, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतोय. मी शुद्धीत असतो हे बाबांना पटत नाही, पण त्यांना विचारलेलं नाही. कोणाची जबरदस्ती नाही, नशापाणी नाही, फक्त चहा झालाय. शुक्रवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन मत लो यार, रोज करते हैं." ते रोज करत असतील, माझी पहिलीच वेळ आहे. म्हणून हे.

१. स्कूटी सावनीताईला. मागचा ब्रेक लागत नाही, हॉर्नवर भागव.

२. पतंग आणि चरख्या आर्यनला. भाई, रडायचं नाही, पतंग उडवायचे.

३. रबराची पाल शेजारच्या मेहरोत्रा अंकलना. त्यांची आणि तिची ओळख आहे. त्यांच्या गच्चीवर गेलेले माझे बॉल त्यांनी आजवर परत दिलेले नाहीत. ते मी माफ करत नाही.

४. बँकेत जे काही आहे त्याचे सगळ्यांनी समोसे खावेत. एकेकच येईल.

५. आता खरी मिळकत, गोधडी. माझ्या शाळेच्या शर्टांची आहे, आई आणि चिनहटच्या मधुमती आत्यानं मिळून शिवली. शाळेत त्या शर्टांचा इतका उपयोग झाला नव्हता. हॉस्पिटलात मला तीच पांघरायचीय. फक्त कडेची पट्टी राहिलीय आणि तिच्यासाठी आजीच्या हिरव्या लुगड्याचा एवढासा तुकडा उरलाय. चुकीचा कापला की संपला.

आई म्हणाली, "पट्टी एक बोट. नाजूक हवी."

आत्या म्हणाली, "चित्रा, ती पट्टी आहे की बुटाची नाडी? चार बोटं!"

"मधुताई, गोधडीला पंचा गुंडाळायचाय का?"

"मग तूच शिव."

"शिवतेच."

पण कात्री लावायची हिंमत दोघींना नाही. कापड कपाटात, आत्या चिनहटला. फोनवर "तुझ्या आईला सांग", घरात "तुझ्या आत्याला सांग". मी काय फुकटचा कुरिअर आहे?

६. म्हणून मीच जुन्या लुंगीची पट्टी करून एका कोपऱ्याला लावून बघितली. चार बोटं कापली. एक बोट शिवणीत आत गेलं, एक वरून दिसलं, एक मागून, एक दुमडून टाक्याखाली. कोपरा आईला दाखवला. "बघ, म्हटलं नव्हतं? एक बोट!" मग तीच पट्टी उसवली, उलगडली आणि आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवली. "हाँ, चार बोटं! कळलं का आता तुझ्या आईला?"

म्हणजे आई लावलेली पट्टी मोजते, आत्या कापायची. दोघी एकाच पट्टीवरून भांडताहेत आणि मी जानेवारीत कुडकुडतोय. हे मी तोंडानं सांगितलं नाही, इथेच वाचा.

आणि जाडी कोणीच धरलेली नाही. आतला कापूस अर्धं बोट खातो, मागची कड ओढून आणावी लागली. तेव्हा माझी इच्छा: साडेचार बोटं. बोटं आत्याची धरावीत, आईची काडीसारखी आहेत. आईनं कापड ताणून धरावं, आत्यानं कापावं. माझ्या पोटाला टाके पडायच्या आधी गोधडीला पडू देत.

७. कायदा काय म्हणतो मला माहीत नाही, माझी अट अशी की साक्षीदार या दोघीच, आणि सही एकाच सोफ्यावर बसून. साक्षीदारांना वाटा नको, म्हणून त्यांच्या नावावर काही ठेवलेलं नाही. गोधडीसुद्धा नाही. ती मी ठेवणार आहे. शुद्धीवर आलो की वरचं सगळं रद्द, स्कूटीसकट.

सही: राजस न. देवस्थळी

साक्षीदार: चित्रा देवस्थळी. (वाचून सही केली. मेल्या, असलं लिहितात का? "मेल्या" खोडलं समजावं. मधुताई, वरून एकच बोट दिसेल ना, नक्की?)

साक्षीदार: मधुमती देवस्थळी. (एकच दिसेल, चित्रा. तू नीट ताणून धर म्हणजे झालं. कात्री घरून आणलीय, तुमची बोथट आहे.)

ठिकाण: इंदिरा नगर, लखनऊ. सह्या गुडघ्यावर कागद ठेवून केल्या, कारण टेबलावर कापड पसरलंय.
तारीख: १३ जानेवारी २०२६