गेट नंबर दोन

गोडादरा, सुरत
दि. १४ जून २०२६

चि. योगराज यास,

नानाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझ्या आईचं ब्लडप्रेशर गोळीच्या धाकात आहे. तुझी बहीण उज्ज्वला दिवसभर साड्यांना खडे चिकटवते आणि संध्याकाळी मान धरून बसते. मी ठणठणीत. फोन असताना आपला बाप पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘हां नाना, बरं नाना’ म्हणतोस आणि नेटवर्कचं नाव सांगून ठेवून देतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

तुझा होळीनंतरचा मेसेज उज्ज्वलाने तेव्हाच वाचून दाखवला होता. डिसेंबरात फौजेतली चार वर्षं भरली की तू घरी येणार आणि दगाभाऊच्या एजन्सीतर्फे कापड मार्केटच्या गेटवर उभा राहणार. दगाभाऊला तू ‘हो’ म्हणूनही बसलास. कायम होण्यासाठी जी शेवटची चाचणी आहे, तिचा त्यात एका शब्दाने उल्लेख नाही. तेव्हा आधी तुझ्या या नव्या मालकाबद्दल लिहितो.

दगाभाऊ म्हणजे आधी लूमच्या कारखान्यात मुकादम, आता सिक्युरिटी एजन्सीचा मालक, आणि समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची. तू भरती झालास तेव्हा पर्वत पाटियाच्या चौकात त्याने बॅनर लावला होता, आठवतं ना? त्यात तुझा फोटो पासपोर्टएवढा आणि त्याचा दाराएवढा. खाली लिहिलं होतं ‘खान्देशचा वाघ’. दोघांपैकी वाघ कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही. होळीनंतर तो घरी आला, चहा बशीत ओतला, दोन फुर्रके मारले आणि म्हणाला, “नाना, पोऱ्या डिसेंबरमा ई ना, त्याले आपला गेटवर उभा करू. वर्दी तं शेच त्यानाकडे, नवी लेवानी गरज नही.”

देशाने चार वर्षं वापरलेला माणूस वर्दीसकट सेकंडहँडमध्ये घ्यायला आला होता तो. आणि चहा दुसऱ्यांदा मागून प्यायला.

बाकीचेही काही कमी नाहीत. तुला मिळणाऱ्या एकरकमी सेवानिधीवर तुझ्या मगनमामाने एम्ब्रॉयडरीचं मशीन घेऊनही टाकलं आहे, फक्त तोंडाने. त्याच मामाला मी विचारलं, की मशीन बंद पडल्यावर पोरगा खाणार काय? तर म्हणे, “पेन्शन नही का?” नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की जणू मीच ती खाऊन बसलो आहे. मागच्या वर्षी तुझ्यासाठी स्थळं आणणारा हाच माणूस. आता स्थळाचं नाव काढत नाही, मशीनचं काढतो.

टीव्हीवर कोट घातलेली माणसं ही चार वर्षांच्या फौजेची योजना समजावून सांगतात, तेही मी बघतो. फौज तरुण होणार म्हणे. तरुण माणूस पुढे म्हातारा होतो, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. मला सतरा वर्षांच्या नोकरीची पेन्शन आहे. तुला चार वर्षांचा एक चेक, पेन्शन नाही, कॅन्टीनचं कार्ड नाही, माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही. एकाच घरात, एकाच खुंटीवर टांगलेल्या दोन वर्द्या, पण एक फौजीची आणि एक पाहुण्याची. हे ज्याला बरोबर वाटतं, त्याने आपल्या पोराला पाहुणा म्हणून पाठवावं.

पण मला खरा राग कशाचा आला, ते सांगतो. मागच्या सुट्टीत तू म्हणालास, की श्रीरंग आता तुझ्याबरोबर पळायला येत नाही. भरतीपासून एका ताटात जेवणारे तुम्ही. चौघांतला एकच कायम करणार म्हटल्यावर आता तो वेगळ्या वेळी पळतो आणि तू वेगळ्या. तुझा गुडघा सुजतो हे तू उज्ज्वलाला सांगितलंस, पण डॉक्टरला दाखवत नाहीस. का, तर नोंद झाली की तुझे गुण जातील आणि श्रीरंग पुढे निघेल. आमच्या सेक्शनमध्ये कोणाचा पाय मुरगळला तर त्याची रायफल दुसरा उचलायचा. आम्ही काही फार थोर होतो अशातला भाग नाही. दोघांचीही पेन्शन पक्की होती, म्हणून चांगलं वागायला परवडत होतं. तुमच्याकडून तेवढंही काढून घेतलं.

आता गेटबद्दल. तुला वाटत असेल, खुर्ची टाकून बसायचं, रजिस्टर लिहायचं. गेट नंबर एक टेम्पो आणि पार्सलचं, तिथे निदान काम आहे. तुझं गेट नंबर दोन, शेठ लोकांच्या गाड्यांचं. तिथे खुर्चीच नाही. पत्र्याखाली उभं राहायचं, दुपारी खालचा सिमेंटचा ओटा बुटाच्या तळातून भाजतो. काळी गाडी दोनदा हॉर्न देते, तिला बॅरियर उघडा सापडला पाहिजे. पांढऱ्या गाडीतला शेठचा पोरगा चावी खिडकीतून फेकतो, ती हवेतच झेलायची. खाली पडली तर “शुं काका, ऊंघी गया?” म्हणतो, म्हणजे झोप लागली का. वय असेल तुझ्याएवढं.

हे मला कसं ठाऊक, असं विचारशील. येता-जाता दिसतं. आणि उज्ज्वला मागे फोनवर ‘नाना ड्यूटीवर आहेत’ असं काहीतरी म्हणाली असेल, तर तिचं फार मनावर घेऊ नकोस. तिला बोलायची घाई असते.

हे वाक्य लिहून मी पाणी प्यायला उठलो. तुझी आई उद्याचा डबा घासून ठेवत होती. म्हणाली, “त्याले खरं लिखी टाका.” म्हणून लिहितो.

एप्रिलपासून गेट नंबर दोनवर मी उभा आहे. तुझा ‘हो’ मी परस्पर परत घेतला. दगाभाऊला म्हटलं, मी उभा राहतो, माझ्याकडे ओळखपत्र आहे, मार्केटवाल्यांना तू माजी सैनिकाचा दर लाव, पण माझ्या पोराला पुन्हा विचारायचं नाही. दर ऐकून त्याने लगेच हात मिळवला. घरी आल्यावर तुझी आई एवढंच म्हणाली, “तुम्हले काय गरज व्हती?” पहिल्या ड्यूटीचा डबा मात्र तिनेच भरून दिला.

मेडल लावून या, असं दगाभाऊचं म्हणणं होतं. ती पेटीत आहेत आणि पेटीतच राहतील. मी एजन्सीचा निळा शर्ट घालतो, टोपी घालतो, बॅरियर उचलतो. सॅल्यूट मात्र करत नव्हतो. महिनाभर चाललं. मग शेठने तक्रार केली, की फौजी ठेवला आहे तर फौजीसारखं दिसत का नाही. दगाभाऊ गेटवर आला, माझ्याकडे न बघता बॅरियरकडे बघत म्हणाला, “नाना, तुमनाकडथून नही व्हत तं ऱ्हाऊ द्या. डिसेंबरमा योगराज कडक सॅल्यूट मारी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी गाडी आली. मी टाच जुळवली, छाती काढली आणि सॅल्यूट केला. पुरा केला, पेन्शनीवर निघालो त्या दिवशी सीओ साहेबांना केला होता तसा. अर्धवट हात वर करणं मला जमत नाही. पोरगा मोबाईलवर होता, त्याने वर बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून रोज करतो. दोन्ही गाड्यांना.

हे तुला लिहायचं नव्हतं. लाज वाटते, खोटं कशाला बोलू. पण माझी वाटते, त्याहून जास्त त्या माणसांची वाटते.

तर ऐक, आता नाना म्हणून नाही, हवालदार म्हणून सांगतो. उद्याच एमआय रूमला डॉक्टरकडे जा आणि गुडघा दाखव. नोंद होऊ दे. श्रीरंगला सांग, की गुडघा दुखतो, सकाळी बरोबर पळू. तो हसला तर हसू दे, पण सांग. मग जी चाचणी असेल ती दे. चौघांतला एक झालास तर आईला आधी फोन कर. उरलेल्या तिघांतला झालास तर सरळ घरी ये, वर्दी घडी करून पेटीत ठेव, आणि लूम चालव, टेम्पो चालव, नाहीतर मामाचं ते तोंडाचं मशीन चालव, मला सगळं चालेल. चार वर्षांत तुला जो सॅल्यूट शिकवला, तो चावी फेकणाऱ्यासाठी शिकवलेला नाही.

दगाभाऊचा फोन आला तर त्याला एवढंच सांग, की गेट नंबर दोनवर जागा नाही. मी आहे तोवर होणारही नाही.

तुझा नाना,
हवालदार सुकलाल बोरसे (पेन्शनर),
हल्ली ड्यूटीवर