बेबीनंदाने देवाला नेलेला विंचू

सिंदी मेघे, वर्धा
मे १९७९

श्रीयुत वासुदेवराव व्याही यांस,

रूपरावाचा आदरपूर्वक नमस्कार. समुद्रपुरास आपण व विमलाबाई खुशाल असाल आणि आपला गुडघा या उन्हाने थोडा मोकळा झाला असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही उभयता आणि आपली-आमची नात बेबीनंदा सुखरूप आहोत. (सुखरूप हा शब्द मुद्दाम आधीच लिहिला आहे. पुढचे वाचताना तो ध्यानात ठेवावा, आणि विहीणबाईंना वाचून दाखवायचे झाल्यास दोनदा वाचावा.)

काल सकाळी ऊन तापायच्या आत मी नि नंदाने परसात दोडक्याचा वाफा करायला घेतला. वर्धेच्या मे महिन्यात जिथे माणूस टिकत नाही तिथे दोडका कसला येतो, असे आमच्या लीलाबाईंचे मत पडले. पण नातीने हट्ट धरला की मी बायकोचे मत विचारात घेत नाही. (एरवी घेतो.) मी कुदळीने माती उकरत होतो, नंदा तांब्याने पाणी आणत होती, त्यातले अर्धे वाफ्याला आणि अर्धे फ्रॉकला. मग ती कडेच्या जुन्या विटा उचलू लागली आणि थोड्या वेळाने अगदी गोड आवाजात तिने बिस्किटांचा रिकामा डबा मागितला. मी दिला. कशाला, हे विचारले नाही. वासुदेवराव, पाच वर्षांचे पोर शांतपणे काही मागते तेव्हा आधी विचारावे, हे मला आज कळते आहे.

आंघोळी आटोपून आम्ही दोघे केळझरच्या गणपतीला निघालो. बस भरलेली. नंदा माझ्या मांडीवर, डबा तिच्या मांडीवर, शेजारी वांग्यांची टोपली घेतलेली एक म्हातारी. पवनार मागे पडल्यावर नंदा माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आबाजी, डब्यात इचू हाय. बाप्पाले दाखवाले आनला."

मी हसलो. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसणे थांबले. कसला, म्हणून विचारले तर म्हणाली, "लाल. लहानसाच हाय."

लहान आणि लाल! आपल्या भागात त्या विंचवाने लहान लेकरांचे काय होते, ते मी आपल्याला सांगायला नको. मी श्वास धरून डब्याचे झाकण नखभर उचलले. मग अर्धे. मग पूर्ण. आत कडुनिंबाचे एक पान होते. बाकी काही नव्हते. (वाटेत दोनदा झाकण उघडून त्याला पाहिले, हे नंदाने मग सांगितले.)

त्यापुढचा रस्ता मी कसा काढला ते परमेश्वराला ठाऊक. ओरडावे तर बसमध्ये धावपळ होणार आणि तो जिथे असेल तिथे दबून नांगी मारणार. गप्प बसावे तर तो बहुधा पोरीच्या फ्रॉकच्या झालरीतच. मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले आणि झालरीची एकेक चुणी डोळ्यांनी तपासू लागलो. आपल्या घरचे लेकरू माझ्या भरवशावर पाठवलेले. आपल्याला कोणत्या तोंडाने काय कळवू, त्याची वाक्ये मनात तयार होऊ लागली. घामाने सदरा पाठीला चिकटला. म्हातारीला वाटले मला ऊन लागले. तिने माझ्या हातात कांदा दिला. तेवढ्यात कंडक्टर येऊन विचारतो, "काऊन रडून राह्यले, बाबाजी?"

मी उत्तर देणार तोच नंदा म्हणाली, "आबाजी, हालू नोका. थो तुमच्या खांद्यावर हाय."

वासुदेवराव, खरे सांगतो, खोटे वाटेल. पहिल्यांदा मला आनंद झाला. पोरीच्या अंगावर नाही, माझ्या अंगावर आहे! असा आनंद मला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही झाला नव्हता. भीती नंतर आली. कंडक्टरने मागच्या माणसाचा दुपट्टा ओढून एक फटकारा मारला, विंचू खाली पडला आणि म्हातारीने त्याच्यावर टोपली आदळली. बस थांबली. अर्धे लोक खिडक्यांतून उतरले. मी जागचा हललो नाही (धीराने नव्हे, उठताच येईना).

नंदा मात्र विंचवासाठी भोकाड पसरून रडली. देवळात हात जोडून बराच वेळ ओठ हलवत उभी राहिली, काय मागितलेस विचारले तर, "दुसरा." मी घाईघाईने माझे दोन्ही हात जोडून तिचे मागणे रद्द करून घेतले. परतीच्या बसमध्ये ती माझ्या दंडावर झोपली, आणि मी घर येईपर्यंत तिच्या फ्रॉकवरची नजर काढली नाही.

तात्पर्य, माझ्या वयाला हे झेपणारे नाही, असे मी घरी जाहीर केले आहे. लोभ असू द्यावा.

आपला,
रूपराव

ता. क. बसमध्ये मी रडलो असे नंदा सर्वांना सांगत सुटली आहे. तो कांदा होता.

ता. क. २. पुढच्या रविवारी आपण तिला न्यायला येणार, असे कळले. तर येऊ नये. म्हणजे जरूर यावे, आंबे आणावे, चार दिवस राहावे; फक्त परत जाताना एकट्याने जावे. शाळा उघडायला अजून वेळ आहे आणि दोडक्याला रोज पाणी घालावे लागते.